झारच्या नावाने झारशाहीशी झुंज : दुसरा अलेक्झांडर, भूदासमुक्ती आणि नंतरची वीस वर्षं

गोदातीर

रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याच्याबद्दल आपल्याकडे जे काही लिहिलं जातं त्यात दोन गोष्टी हमखास येतात: त्याने भूदासांना, म्हणजे जमीनदारांच्या मालकीच्या शेतकऱ्यांना, मुक्त केलं, आणि क्रांतिकारकांनी त्याला बॉम्बने मारलं. दोन्ही खऱ्या. पण या दोन घटनांच्या मध्ये वीस वर्षं आहेत, आणि त्या वीस वर्षांत रशियात एक नव्हे, दोन वेगळे असंतोष धुमसत होते. एक खेड्यातला, जमिनीचा. दुसरा शहरातला, विद्यापीठातला, सत्तेतल्या वाट्याचा. माझं म्हणणं असं आहे की या दोघांची गाठ शेवटपर्यंत नीट पडलीच नाही, आणि आड आला तो झारच. शेतकरी जमीनदारावर उठायचा तो झारचं नाव घेऊन. विद्यार्थी उठायचा तो झारवरच.

आधी थोडी पार्श्वभूमी. फेब्रुवारी १८५५ मध्ये पहिला निकोलस वारला तेव्हा क्रिमियाचं युद्ध चालू होतं, सेवास्तोपोलला वेढा पडलेला होता. त्याचा मुलगा अलेक्झांडर ३६ व्या वर्षी गादीवर आला आणि वर्षभरात त्याला पॅरिसच्या तहावर सही करावी लागली. काळ्या समुद्रात लढाऊ आरमार ठेवायचं नाही ही त्यातली सगळ्यात झोंबणारी अट. हरलो का, याचा विचार करणाऱ्यांना उत्तर फार लांब शोधावं लागलं नाही. फौज भूदासांची. लष्करात गेलेला भूदास कायद्याने मोकळा व्हायचा, म्हणून त्याला थोड्या वर्षांत शिकवून गावी परत पाठवणं जमीनदारांना आणि सरकारला परवडणारं नव्हतं. राखीव दल उभं राहणार कसं? तहानंतर लगेचच मॉस्कोच्या उमरावांसमोर झार बोलला. त्याचा आशय असा, की भूदासपद्धत खालून मोडू लागण्याची वाट बघण्यापेक्षा ती वरून मोडलेली बरी.

मग पाच वर्षं समित्या. आधी गुप्त समिती, मग प्रांताप्रांतातल्या उमरावांच्या समित्या, मग रोस्तोव्त्सेव्हच्या हाताखाली मसुदा समित्या, आणि त्यात निकोलाय मिल्युतिनसारखे खरोखर कळकळीचे अधिकारी. १९ फेब्रुवारी १८६१ ला सही झाली. जाहीरनामा मात्र ५ मार्चला, मोठ्या उपवासाच्या तोंडावर, चर्चमध्ये वाचला गेला. सणातली दारू उतरू दे, मग सांगू, असा सरकारचा विचार होता. सुमारे २ कोटी ३० लाख माणसं त्या दिवशी कुणाच्या मालकीची उरली नाहीत. ही गोष्ट लहान नाही. आता लग्नाला मालकाची परवानगी नको, माणूस विकला जाणार नाही, त्याच्या नावावर मालमत्ता होईल, त्याला कोर्टात उभं राहता येईल.

पण जमीन? इथे मला थोडं सावकाश लिहायचंय, कारण पुढचं सगळं या हिशेबातून निघतं.

समजा एका शेतकऱ्याचा वर्षाचा रोख खंड, म्हणजे ओब्रोक, १० रुबल ठरला. कायदा म्हणतो, ६ टक्के दराने १० रुबल व्याज देणारं भांडवल किती ते काढा. उत्तर येतं १६६ रुबल ६७ कोपेक. ही झाली त्याच्या तुकड्याची किंमत. जमिनीचा कस काय, बाजारात भाव काय, याचा संबंधच नाही. मोजलं जातंय ते जमीनदाराचं बुडणारं उत्पन्न. पूर्ण वाटणी मिळाली असेल तर यातले ८० टक्के, म्हणजे १३३ रुबल ३३ कोपेक, सरकार जमीनदाराला रोख्यांत देणार. उरलेले ३३ रुबल आणि वरचे कोपेक शेतकऱ्याने परस्पर चुकवायचे. सरकारने भरलेल्या रकमेपोटी त्याने वर्षाला ६ टक्के, म्हणजे ८ रुबल, ४९ वर्षं द्यायचे. ८ गुणिले ४९, एकूण ३९२ रुबल. आपल्या गृहकर्जासारखंच, फक्त घर बापजाद्यांपासून आपणच राबून उभं केलेलं आणि हप्ता नातवापर्यंत पोचणारा.

देशभराची बेरीज केली तर बाजारभावाने सुमारे ५४ कोटी ४० लाख रुबलची जमीन शेतकऱ्यांच्या गळ्यात ८६ कोटी ७० लाखांना पडली. वर 'ओत्रेझ्की', म्हणजे छाटलेले तुकडे. शेतकरी आधी कसत होता ती जमीन कायद्याने ठरवलेल्या कमाल वाटणीपेक्षा जास्त भरली तर वरचा भाग जमीनदाराने काढून घ्यायचा. काळ्या मातीच्या प्रांतांत ही छाटणी भरपूर झाली, आणि छाटलं गेलं ते नेमकं कुरण, रान, पाण्यावर जाणारी वाट. गुरं ओढ्यावर न्यायची तर जमीनदाराच्या हद्दीतून जायचं, आणि त्यासाठी पुन्हा त्याच्या शेतावर राबायचं. हप्त्यांची जबाबदारी एकट्याची नाही, सगळ्या गावाची, म्हणजे 'मीर'ची. एकाने भरला नाही तर इतरांनी भरायचा, म्हणून गाव सहजासहजी कुणाला बाहेर जायचा परवाना देणार नाही.

जमीनदारही खूश नव्हते, हे खरं. १८५९ पर्यंत जवळपास दोन तृतीयांश भूदास सरकारी पेढ्यांकडे गहाण पडलेले होते. रोखे देताना सरकारने ते जुनं कर्ज कापून घेतलं.

आता शेतकऱ्याच्या बाजूने बघा. पिढ्यान्‌पिढ्या त्याचं एक म्हणणं होतं: आम्ही तुमचे, पण जमीन आमची. चर्चमध्ये पाद्री वाचतोय की तुम्ही मोकळे झालात, पण दोन वर्षं जुनी वेठ आणि खंड चालूच राहणार, आणि जमीन विकत घ्यायची. शेकडो पानांचा कायदा, भाषा कचेरीतली. त्याने काय निष्कर्ष काढावा? झारने खरी मुक्ती, 'वोल्या', दिलीच आहे. जमीनदार आणि पाद्री यांनी ती लपवली आहे.

कझान प्रांतातल्या बेझ्द्ना गावात अंतोन पेत्रोव्ह नावाचा जेमतेम अक्षरओळख असलेला शेतकरी हा कायदा घेऊन बसला आणि आतल्या खुणांवरून, आकड्यांवरून त्याने खरी मुक्ती 'शोधून' काढली. वेठ नाही, खंड नाही, जमीन आपली. बातमी पसरली तशी आजूबाजूच्या गावांतून हजारो माणसं त्याच्या झोपडीभोवती जमली. जनरल आप्राक्सिन सैनिक घेऊन आला. पेत्रोव्हला हवाली करा म्हणाला. लोकांनी नकार दिला. ते 'वोल्या, वोल्या' असं ओरडत राहिले. १२ एप्रिल १८६१ ला नि:शस्त्र जमावावर गोळीबाराच्या फैरी झाडल्या गेल्या. पन्नासहून जास्त माणसं मेली. मग झोपडीतून पेत्रोव्ह बाहेर आला, झारचा तो छापील कायदा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून. आठवड्याच्या आत त्याला गोळ्या घातल्या.

डोक्यावर झारचा कायदा धरून झारच्याच सैनिकांपुढे आलेला हा माणूस. ज्याला या काळातला खेड्यातला असंतोष समजून घ्यायचा आहे त्याने इथून सुरुवात करावी.

दुसरं टोक १८७७ मध्ये. १८७४ च्या उन्हाळ्यात शहरातली शेकडो शिकलेली मुलं-मुली शेतकऱ्यांचे कपडे घालून, चांभारकी-सुतारकी शिकून खेड्यांत गेली. शेतकऱ्यांना उठवायचं म्हणून. शेतकऱ्यांनी ऐकून घेतलं, काहींनी पोलिसांना कळवलं, झारविरुद्ध बोललेलं बहुतेकांना रुचलं नाही. हजारावर धरपकड झाली. त्यातून धडा घेतला तो याकोव्ह स्तेफानोव्हिच आणि त्याच्या साथीदारांनी. कीव्ह प्रांतातल्या चिगिरिन तालुक्यात जमीनवाटपावरून शेतकरी आधीच चिडलेले होते. या मंडळींनी छापखान्यात झारची एक 'गुप्त सनद' छापली. सनदेत झार म्हणतो: उमरावांपुढे माझं काही चालत नाही, तुम्ही गुप्त पथकं बांधा आणि जमीन ताब्यात घ्या. सुमारे हजार शेतकरी त्यात शपथ घेऊन सामील झाले! त्या दोन दशकांत क्रांतिकारकांना खेड्यात एवढी मोठी संघटना उभी करता आली ती ही एकच, आणि ती खोट्या झारच्या आधारावर. त्याच वर्षी सगळं फुटलं आणि गावंच्या गावं तुरुंगात गेली.

मंडळी, चर्चा व्हावी. झेम्स्त्वो (निवडून आलेल्या स्थानिक सभा), न्यायालयं, लष्कर यांवर मी मुद्दाम लिहिलेलं नाही, जाणकारांनी भर घालावी.

---

सांजवेळ

वाचताना थांबवलं नाही. एक शंका: मी मुक्तीची तारीख ३ मार्च १८६१ अशी वाचली आहे, तुम्ही १९ फेब्रुवारी म्हणता. आणि झारचा खून १ मार्चला की १३ मार्चला?

गोदातीर

@सांजवेळ, दोन्ही बरोबर. रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती, एकोणिसाव्या शतकात ती आपल्या तारखेपेक्षा १२ दिवस मागे. मी सगळीकडे तिथल्या तारखा दिल्यात.

---

खडूफळा

लेख उत्तम, पण तराजू एका बाजूला झुकलाय असं वाटतं. थोडी दुसरी बाजू.

त्याच वर्षी, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. ४० लाख गुलामांच्या सुटकेसाठी चार वर्षं रक्त सांडलं, आणि सुटल्यावर त्यांना जमिनीचा तुकडाही मिळाला नाही. रशियाने त्याच्या साधारण सहापट माणसं यादवीशिवाय मोकळी केली आणि महाग का होईना, जमिनीसकट केली. उमराव हा झारशाहीचा एकमेव आधार होता. त्याच्या तोंडातला घास पूर्ण काढून घेतला असता तर झार स्वतः टिकला असता का? त्याच्या आजोबांचा, पहिल्या पॉलचा, दरबारी उमरावांनीच खून केला होता हे अलेक्झांडर विसरला नसणार.

आणि मुक्तीपाशी तो थांबला नाही. १८६३ मध्ये विद्यापीठांना स्वायत्तता, फटक्यांच्या शिक्षांवर बंधनं. १८६४ मध्ये झेम्स्त्वो, म्हणजे निवडून आलेल्या जिल्हा आणि प्रांत सभा. त्यात उमराव, नगरवासी आणि शेतकरी एका सभागृहात बसायचे. मतं समान नव्हती, मान्य. पण काल ज्याला चाबकाने मारत होता त्याच्या शेजारी बसून रस्त्याचा आणि दवाखान्याचा ठराव करायचा, ही केवढी उलथापालथ! रशियन खेड्यात पहिला डॉक्टर, पहिली सरकारी नसलेली शाळा, बियाण्याची पेढी, पहिली आकडेवारी या झेम्स्त्वोंनी आणली. आधी खेड्यात आजारी पडलं तर जमीनदाराच्या मर्जीवर किंवा देवाच्या भरवशावर. झेम्स्त्वोचा डॉक्टर आधी गाडी जुंपून गावोगाव फिरायचा, नंतर ठरावीक ठिकाणी दवाखाना बांधून बसला, आणि बऱ्याच जिल्ह्यांत उपचार फुकट झाले. हे काम करणारे लोक नावाने कुणाला आठवत नाहीत, बॉम्ब टाकणारे आठवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गोदातीर

@खडूफळा, झेम्स्त्वोबद्दल शंभर टक्के सहमत, आणि बरं झालं तुम्ही लिहिलंत.

पण 'याहून जास्त शक्यच नव्हतं' हे मला पटत नाही, आणि पुरावा रशियन सरकारनेच दिलाय. जानेवारी १८६३ मध्ये पोलंडमध्ये उठाव झाला. त्याचा कणा होता पोलिश जमीनदार वर्ग. तो मोडायचा तर शेतकरी आपल्या बाजूला हवा, हे राजधानी पीटर्सबर्गला कळायला वेळ लागला नाही. लिथुआनिया-बेलारूसच्या पट्ट्यात हप्ते २० टक्क्यांनी उतरवले, मधला 'तात्पुरत्या बांधिलकी'चा, म्हणजे जुनी वेठ आणि खंड चालू राहण्याचा काळ रद्द केला. पोलंडच्या राज्यात १८६४ च्या हुकमाने शेतकऱ्याला कसत असलेली जमीन मालकीने दिली, त्याच्यावर मुक्तीचे वेगळे हप्ते न लादता. हा हुकूम घडवायला कोण गेलं होतं? तोच निकोलाय मिल्युतिन, ज्याला १८६१ मध्ये मुक्तीची सही होताच उमरावांच्या दबावाखाली पदावरून दूर केलं होतं. म्हणजे हिशेब बदलता येत होता. फक्त जमीनदार पोलिश हवा होता.

आणि झेम्स्त्वोलाही डोकं दिलं नाही, म्हणजे वर साऱ्या देशाची सभा दिली नाही. १८६२ मध्ये त्वेर प्रांतातल्या उमरावांनी स्वतःहून आपले विशेषाधिकार सोडायची तयारी दाखवली आणि साऱ्या देशाच्या निवडलेल्या प्रतिनिधींची सभा मागितली. बॉम्ब नाही, दंगा नाही, सभ्य भाषेतला अर्ज. तिथल्या १३ जणांना, जे मुक्तीच्या अंमलबजावणीसाठीच नेमलेले मध्यस्थ होते, पेत्रोपाव्लोव्स्क किल्ल्यात डांबलं.

खडूफळा

त्वेरचं प्रकरण मला या तपशिलात माहीत नव्हतं. धन्यवाद. तरी माझा मुद्दा कायम: वीस वर्षांत इतकं सगळं उलटं करणारा दुसरा राज्यकर्ता त्या शतकातल्या युरोपात मला दिसत नाही.

---

रानवाट

गोदातीर, दोन असंतोष भेटलेच नाहीत हे विधान फार सरसकट होतंय. बेझ्द्नाचीच पुढची गोष्ट घ्या. गोळीबारानंतर चारच दिवसांनी कझानमध्ये विद्यापीठाच्या आणि धर्मशास्त्र अकादमीच्या विद्यार्थ्यांनी मेलेल्या शेतकऱ्यांसाठी चर्चमध्ये प्रार्थना ठेवली. तिथे इतिहासाचे प्राध्यापक अफानासी श्चापोव्ह बोलले, लोकशाही राज्यघटनेचं नाव घेऊन बोलले, आणि त्यांना अटक करून पीटर्सबर्गला नेलं. श्चापोव्ह हे सैबेरियातल्या खेड्यातल्या चर्चमधल्या सेवकाचा मुलगा, आई शेतकरी घरातली. ही भेट नव्हे का?

दुसरं, आंद्रेई झेल्याबोव्ह. १ मार्च १८८१ च्या, झारच्या खुनाच्या कटाचा सूत्रधार. क्रिमियातल्या भूदास कुटुंबात जन्मलेला. स्तेपान खाल्तुरिन, ज्याने फेब्रुवारी १८८० मध्ये सुतार म्हणून हिवाळी महालात शिरून तळघरात स्फोट केला, तोही व्यात्का प्रांतातल्या शेतकऱ्याचा मुलगा. मग हे सगळे 'शहरातले' कसे?

गोदातीर

@रानवाट, मुद्दे रास्त आहेत. झेल्याबोव्हच्या बाबतीत मला एवढंच जोडायचंय की तो शिष्यवृत्तीवर शिकला, ओडेसाच्या विद्यापीठात गेला, तिथून दंग्यासाठी काढला गेला. शाळेने त्याला एका जगातून दुसऱ्यात नेलं. १८७४ नंतर तो खेड्यात परत गेला, शेतावर राबला, आणि राबणाऱ्या माणसाकडे विचार करायला ताकदच उरत नाही हे बघून परतला. पुढे दहशतवादाकडे वळला तो याच निराशेतून.

श्चापोव्हबद्दल: त्या प्रार्थनेत पेत्रोव्हला लोकशाहीचा हुतात्मा म्हणून हाक मारली गेली. पेत्रोव्ह स्वतःला तसं समजत नव्हता. तो झारचा आज्ञाधारक प्रजाजन म्हणून मेला. एका बाजूने प्रेम होतं, कळवळा होता, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण मेलेल्याच्या तोंडी आपले शब्द घातले गेले. १८७४ मध्ये जिवंत शेतकऱ्यांसमोर तेच झालं, आणि त्यांनी ते नाकारलं.

---

काळा कोट

न्यायालयांवर कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. पेशाने वकील आहे, आणि व्हेरा झासुलिचचा खटला हा माझा अनेक वर्षांचा ध्यास आहे.

२० नोव्हेंबर १८६४ चा न्यायसुधारणा कायदा ही माझ्या मते त्या राजवटीतली सगळ्यात निखळ सुधारणा. आधी खटला बंद दाराआड, कागदोपत्री चालायचा. लाच घेणारा कारकून निकाल घडवायचा. त्याजागी उघडं न्यायालय, तोंडी युक्तिवाद, वकिलांची स्वतंत्र संघटना, सहजासहजी काढता न येणारे न्यायाधीश आणि ज्युरी. (शेतकऱ्यांचे आपापसातले लहान तंटे मात्र वेगळ्या तालुका पंचायतीकडेच राहिले, ही मोठी उणीव.)

जुलै १८७७. पीटर्सबर्गचा नगरप्रमुख जनरल त्रेपोव्ह कच्च्या कैदेच्या तुरुंगात आला. बोगोल्युबोव्ह नावाच्या राजकीय कैद्याने त्याच्यापुढे टोपी काढली नाही. त्रेपोव्हने त्याला फटके मारायला लावले. १८६३ नंतर फटक्यांवर आलेल्या बंधनांमुळे हा प्रकार उघड उघड बेकायदा समजला गेला. तुरुंगात दंगल झाली, वर्तमानपत्रांत बातमी आली, पण त्रेपोव्हला कुणी जाब विचारला नाही. झासुलिच बोगोल्युबोव्हला ओळखतही नव्हती. तिने महिनोन्‌महिने वाट बघितली, कुणीतरी काही करेल म्हणून. २४ जानेवारी १८७८ ला ती अर्जदारांच्या रांगेत उभी राहिली, दाखल्यासाठीचा अर्ज त्रेपोव्हच्या हातात दिला, आणि तो पुढच्या अर्जदाराकडे वळताच अंगरख्याखालून रिव्हॉल्व्हर काढून गोळी झाडली. शस्त्र खाली टाकलं. पळाली नाही. त्रेपोव्ह जखमी झाला, वाचला.

सरकारला वाटलं, साधा फौजदारी गुन्हा आहे, ज्युरीपुढे चालवू, लोकच तिला दोषी ठरवतील. न्यायमंत्री पालेनने जिल्हा न्यायालयाचे अध्यक्ष अनातोली कोनी यांच्याकडून निकालाची हमी मागितली. कोनी तेव्हा ३४ वर्षांचे. त्यांनी हमी दिली नाही. दोन सरकारी वकिलांनी खटला चालवायला नकार दिला आणि त्याची किंमत मोजली. बचावाला प्योत्र अलेक्सांद्रोव्ह. त्यांनी गोळी झाडल्याचं नाकारलंच नाही, ज्युरीपुढे उलगडला तो फटक्यांचा प्रसंग. झासुलिचने सांगितलं की माणसावर हात उचलणं भयंकर आहे हे तिला कळत होतं, पण त्या अपमानाकडे लक्ष वेधायचा दुसरा मार्ग तिला दिसला नाही. ज्युरीत बहुतेक कनिष्ठ सरकारी नोकर. ३१ मार्चला त्यांनी निर्णय दिला: दोषी नाही.

सभागृहात मागे बसलेले बडे अधिकारीही टाळ्या वाजवत होते. बाहेर पोलीस तिला पुन्हा पकडायला टपलेले. गर्दीने तिला निसटू दिलं, पुढे ती स्वित्झर्लंडला पोचली. ९ मे १८७८ ला अधिकाऱ्यांवरच्या हल्ल्याचे खटले ज्युरीकडून काढून घेतले गेले. ऑगस्टमध्ये गुप्त पोलिसांचा प्रमुख मेझेन्त्सोव्ह भर रस्त्यात भोसकला गेला आणि असे खटले लष्करी न्यायालयांकडे गेले. कोनींना फौजदारी न्यायासनावरून हलवायचा खटाटोप सुरू झाला तो वेगळाच.

गोदातीर, तुमच्या मांडणीत मला इथे एक तिसरा असंतोष दिसतो. टाळ्या वाजवणारे ते कारकून, वकील, अधिकारी. ना शेतकरी, ना क्रांतिकारक. ज्यांना कायदा कायद्यासारखा चालावा एवढंच हवं होतं. झारने त्यांना न्यायालय दिलं आणि चौदा वर्षांनी एका निकालासाठी परत घेतलं. ही माणसं हातची गेली हे मला शेतकऱ्यांच्या बंडांपेक्षाही महाग पडलेलं वाटतं.

गोदातीर

@काळा कोट, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा म्हणून यायला हवा. 'तिसरा असंतोष' मान्य. त्वेरचे १३ जण याच माळेतले.

सांजवेळ

+१. झासुलिच पुढे स्वतः दहशतवादाच्या विरोधात गेली हेही नोंदवायला हवं. तिच्या गोळीने ज्यांना वाट दाखवली त्या वाटेवर ती चालली नाही.

---

पलटण

लष्कराचं थोडक्यात. आधीची भरती २५ वर्षांची. गावातून मुलगा नेला की घरचे मेल्यासारखं रडायचे, कारण तो परत यायची आशाच नसायची. युद्धमंत्री दिमित्री मिल्युतिन (निकोलायचा भाऊ) याने १ जानेवारी १८७४ पासून उमराव-शेतकरी भेद न करता सगळ्यांना भरती लागू केली: ६ वर्षं सेवा, ९ वर्षं राखीव. सगळ्यात दूरदृष्टीचा भाग शिक्षणाची सवलत. प्राथमिक शाळा झालेल्याला ४ वर्षं, विद्यापीठाच्या पदवीधराला ६ महिने. शिवाय पलटणीत लिहा-वाचायला शिकवायचे. लाखो शेतकऱ्यांच्या पोरांनी पहिलं अक्षर बराकीत गिरवलं.

---

सह्यकडा

धागा रशियातलाच राहू दे, पण एक खराखुरा मराठी दुवा आहे म्हणून लिहितो. १९०७ च्या सुमारास पांडुरंग महादेव बापट (पुढचे सेनापती बापट) आणि बंगालचे हेमचंद्र दास पॅरिसमध्ये रशियन निर्वासित क्रांतिकारकांकडून बॉम्बचं तंत्र शिकले, आणि त्याची पुस्तिका हिंदुस्थानात आली. रशियात ही विद्या उभी केली ती १८७९ मध्ये स्थापन झालेल्या 'नरोद्नाया वोल्या'ने, म्हणजे 'लोकेच्छा' संघटनेने.

तिचा रसायनतज्ज्ञ निकोलाय किबाल्चिच. झारवर टाकलेले बॉम्ब त्याचे. फाशीची वाट बघत कोठडीत बसला असताना त्याने कागदावर काय काढावं? दारूच्या नियंत्रित स्फोटांनी वर झेपावणाऱ्या, माणूस वाहून नेणाऱ्या यानाचा आराखडा. तो तज्ज्ञांना दाखवा एवढीच त्याची विनंती होती. कागद पोलिसांच्या दप्तरात पडून राहिला, १९१८ मध्ये छापला गेला. २७ वर्षांचा होता हो तो. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट ही.

---

सांजवेळ

गोदातीर, लेखाच्या सुरुवातीला तुम्ही शेतकरी आणि विद्यार्थी यांची गाठ पडली नाही म्हणालात. मग १ मार्च १८८१ नंतर खेड्यांत नेमकं काय झालं? क्रांतिकारकांना तर उठाव होईल अशी आशा असणार.

गोदातीर

@सांजवेळ, होती. निदान सरकार घाबरून वाटाघाटीला येईल एवढी तरी होती.

आधी त्या दिवसाबद्दल, कारण त्यात एक विलक्षण योगायोग आहे. फेब्रुवारी १८८० च्या महालातल्या स्फोटात पहाऱ्यावरचे ११ सैनिक मेले. त्यानंतर झारने सगळी सूत्रं जनरल लोरिस-मेलिकोव्हकडे दिली. त्याने कुप्रसिद्ध तिसरा विभाग, म्हणजे गुप्त पोलिसांचं खातं, त्या स्वरूपात बंद केलं, सेन्सॉर सैल केला आणि एक योजना आखली: झेम्स्त्वो आणि शहरांतून निवडलेल्या प्रतिनिधींना कायद्याच्या मसुद्यांवर सल्ला द्यायला बोलवायचं. ही राज्यघटना नव्हती, पण १८६२ मध्ये ज्या मागणीसाठी लोक किल्ल्यात गेले तिच्या दिशेने टाकलेलं पहिलं पाऊल होतं. १ मार्चच्या सकाळी झारने तिला मान्यता दिली, ४ तारखेला मंत्रिमंडळापुढे ठेवायचं ठरवलं. दुपारी येकातेरिना कालव्याच्या काठी रिसाकोव्हचा पहिला बॉम्ब पडला. गाडी टिकली. झार उतरला, जखमींकडे गेला, आणि ग्रिनेवित्स्कीचा दुसरा बॉम्ब त्याच्या पायाशी फुटला. झेल्याबोव्ह दोन दिवस आधीच पकडला गेला होता, म्हणून रुमालाची खूण करून सूत्रं हलवली ती सोफिया पेरोव्स्कायाने. तिचे वडील पीटर्सबर्गचे माजी गव्हर्नर.

मग क्रांतिकारकांनी नव्या झारला पत्र लिहिलं: राजकीय कैद्यांना माफी द्या, लोकांच्या प्रतिनिधींची सभा बोलवा, आम्ही शस्त्रं खाली ठेवतो. ३ एप्रिलला पाच जण फासावर गेले. २९ एप्रिलला तिसऱ्या अलेक्झांडरचा निरंकुश सत्तेचा जाहीरनामा निघाला, लोरिस-मेलिकोव्हने राजीनामा दिला, योजना दप्तरात गेली.

आणि खेड्यांत? तिथे अफवा पसरली की झारला उमरावांनी मारलं, कारण त्याने आम्हाला मोकळं केलं होतं आणि आता तो जमीन वाटणार होता. बॉम्ब कुणी, कशासाठी टाकला हे पोचलंच नाही. पोचलं ते असं उलटं होऊन.

याहून वाईट एप्रिलच्या मध्यात झालं. दक्षिणेत येलिसावेतग्राडला ज्यूंची घरं-दुकानं लुटायला सुरुवात झाली, आणि कीव्ह, ओडेसा करत दंगली शेकडो गावांत पसरल्या. तिथेही लुटणारे म्हणत होते की झारचा हुकूम आहे. ज्यूंना झोडपायची सनद निघाली आहे, अधिकारी ती दडवून ठेवतायत. १८६१ मध्ये 'खरी मुक्ती दडवली' म्हणणाऱ्या जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. १८८१ मध्ये 'खरा हुकूम दडवलाय' म्हणणारा जमाव तीन-तीन दिवस मोकाट होता. आणि 'नरोद्नाया वोल्या'च्या काही लोकांनी, शेतकरी अखेर उठला या आनंदात, या दंगलींचं समर्थन करणारं पत्रक काढलं. त्याच कटातली गेस्या गेल्फमान ज्यू होती, दंगली सुरू झाल्या तेव्हा गरोदर, तुरुंगात फाशी टळण्याची वाट बघत.

रानवाट

ते पत्रक माहीत होतं, पण तारखा अशा शेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या. गेल्फमानचं पुढे काय झालं?

गोदातीर

फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. ऑक्टोबर १८८१ मध्ये तुरुंगातच बाळंतपण. बाळंतपणातल्या जखमांवर धड उपचार झाले नाहीत, मूल काढून घेतलं, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये ती गेली. मूलही अनाथालयात फार जगलं नाही.